दुसरा कान

दोघांतली गोष्ट तिसऱ्याला कळली म्हणजे ती षट्कर्णी झाली, असे मराठीत म्हणतात. ऐकणारी माणसे तीन, पण मोजणी कानांची, आणि तीही जोडीने. उपदेश एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देण्याची सोयही भाषेने करून ठेवली आहे. तेथे पहिला कान ग्रहणाचा आणि दुसरा विसर्जनाचा. परंतु या दुसऱ्या कानाचे स्वतःचे असे काम कोणते, याविषयी भाषा फारसे बोलत नाही. डोळा मिटता येतो. त्यामुळे एका डोळ्याने पाहणे आणि दोन डोळ्यांनी पाहणे यांतला फरक लहान मुलालाही खेळता खेळता कळतो. कानाला पापणी नाही. त्याचे दोन असणे सामान्य माणसाच्या अनुभवाला वेगळेपणाने येतच नाही.

शास्त्रकारांनी मात्र हा प्रश्न विचारला होता. वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'त (इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक) इंद्रियांची गणना करताना डोळे दोन, कान दोन, नाकपुड्या दोन असूनही प्रत्येक ठिकाणी इंद्रिय एकच का धरावे, याचे उत्तर दिले आहे. दोहोंची जात एक, विषय एक आणि त्यांपासून होणारे ज्ञानही एक. म्हणून धातू एकच. मग अवयव दोन कशासाठी? तर शोभेसाठी. त्याच ग्रंथात पुढे, दोन्ही डोळ्यांनी पाहिले असता अधिक स्पष्ट दिसते, असेही मान्य केले आहे. पण त्या कारिकेत नाव डोळ्यांचे आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातही असाच एक वाद येतो. डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजव्याने ओळखता येते, तेव्हा ओळखणारा डोळ्यांहून वेगळा असला पाहिजे, असे सिद्धान्ती म्हणतो. त्यावर पूर्वपक्षाचे म्हणणे असे की, डोळा मुळात एकच आहे. मध्ये नाकाचे हाड आल्यामुळे तो दोन असल्याचा भास होतो. एक गेला तरी दुसरा शिल्लक राहतो, असे त्याला उत्तर मिळते.

इंद्रिय एक की दोन, या प्रश्नाशी हाडाचा संबंध अशा रीतीने फार पूर्वीच जोडला गेला. डोळ्यांच्या बाबतीत हाड विभागणारे होते. कानांच्या बाबतीत ते जोडणारे ठरते. आणि ज्यांना हाडांतूनच ऐकावे लागते, त्यांच्यापुढे शोभेचा तो जुना सिद्धान्त आजही व्यवहाराच्या भाषेत उभा राहतो.

रायपूर शहराच्या उत्तरेस बिलासपूर रस्त्यावर भनपुरी आहे. लाकडाच्या वखारी, आरागिरण्या, लोखंडाच्या रोलिंग मिल आणि दिवसरात्र चालणारे ट्रक हे या वस्तीचे स्वरूप. छत्तीसगढ राज्य २००० साली झाले, त्या सुमारास येथील एका मराठी कुटुंबात एक मुलगी जन्मली. वडील एका वखारीत हिशेब लिहीत. मुलीच्या दोन्ही बाजूंना कानाच्या जागी मांसाचा लहानसा उंचवटा होता आणि छिद्र नव्हते. असे वैगुण्य साधारणतः दहा-वीस हजार जन्मांत एखाद्या मुलात आढळते, आणि तेही बहुधा एकाच बाजूला. येथे ते दोन्हीकडे होते. बाराव्या दिवशी सोनाराला बोलावून कान टोचण्याची घरची चाल होती. आजीने बाळ्या आधीच करून ठेवल्या होत्या. "आता सोनार टोचणार तरी काय?" एवढेच ती म्हणाली आणि डबी कपाटात ठेवून दिली. मुलगी ऐकेल की नाही, हा प्रश्न घरात त्यानंतर काही आठवड्यांनी आला. शोभेचा प्रश्न आधी आला, श्रवणाचा मागाहून.

कर्णविवराने मर्यादित झालेले आकाश म्हणजे श्रोत्रेंद्रिय, असे नैयायिक मानतात. या व्याख्येप्रमाणे ज्याला विवर नाही त्याला श्रोत्रही नाही. तपासणीत मात्र वेगळेच आढळले. बाहेरचा मार्ग बंद होता, आतला शंखाकृती अवयव शाबूत होता. हवेतून येणारा ध्वनी तेथवर पुरेसा पोहोचत नव्हता. हाडाला दिलेले कंपन सहज पोहोचत होते. ही वाट प्रत्येक माणसाला असते. कुरमुरे चावताना स्वतःला होणारा मोठा आवाज हाडांतून आलेला असतो. ध्वनिमुद्रित केलेला आपलाच आवाज परका वाटतो, कारण त्यातून हाडांचा वाटा वजा झालेला असतो.

ही गोष्ट युरोपात सोळाव्या शतकात कार्दानोने नोंदविली: दातांत धरलेल्या काठीतून वाद्याचा नाद ऐकता येतो. १८७९ मध्ये शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्स याने दातांवर टेकवून ऐकण्याच्या पंख्याचे पेटंट घेतले. पंखा हवेतले कंपन टिपी आणि दातांकडून ते कवटीला मिळे. हाडाच्या वाटेने आलेला ध्वनी आत पोहोचल्यावर हवेच्या वाटेने आलेल्या ध्वनीहून भिन्न राहतो की काय, ही शंका फोन बेकेशी याने १९३२ मध्ये दूर केली. एकाच स्वराची एक लाट हवेतून आणि दुसरी हाडांतून अशा बेताने सोडली की दोन्ही परस्परांना छेदून शांतता निर्माण झाली. ज्या अर्थी त्या एकमेकींना नाहीशा करू शकल्या, त्या अर्थी आतील पडद्यावर दोहोंचे काम एकच होते. पुढे १९७७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क, ट्येलस्ट्रॉम आणि होकान्सन यांच्या प्रयत्नांनी कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर यंत्र अडकविण्याची पद्धत सुरू झाली. हाड त्या धातूशी एकजीव होते, हा तिचा आधार. शस्त्रक्रियेचे वय होईपर्यंत लहान मुलांसाठी पट्ट्याने बांधण्याचे कंपक असतात.

भनपुरीच्या मुलीला तीन वर्षांची असताना मिळाले ते जुन्या धाटणीचे यंत्र. डोक्यावरून पोलादी कमान, तिच्या एका टोकाला कानामागे दाबून बसणारा कंपक, तेथून खाली येणारी तार आणि फ्रॉकच्या खिशात डबी. मायक्रोफोन त्या डबीतच होता. पहिल्या दिवशी पातेल्यावर चमचा वाजला तेव्हा ती दचकली आणि मग हसली. दोन महिन्यांत शब्द येऊ लागले. कंपक एकच का, असे वडिलांनी विचारले तेव्हा यंत्र बसविणाऱ्याने समजावून सांगितले की कवटी एकच आहे; एका बाजूने हलविली की दोन्हीकडचे आतले कान हलतात; दुसऱ्या यंत्राचा खर्च वाया जाईल, आणि मुलीच्या डोक्यावर दोन दोन वस्तू दिसतील त्या वेगळ्याच. वसुबंधूचे नाव त्याने ऐकले असण्याचा संभव नव्हता, पण सिद्धान्त तोच होता. विषय एक, ज्ञान एक, तर अवयव एक पुरे. फरक इतकाच की येथे दुसरा कान शोभा देणारा नसून ती बिघडविणारा ठरला होता.

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. हेडफोनने एका कानाला दिलेला ध्वनी दुसऱ्या कानापर्यंत जाईतो सुमारे ४० डेसिबेल किंवा त्याहून अधिक क्षीण होतो. हाडातून दिलेला ध्वनी कवटी ओलांडताना साधारणपणे शून्य ते १० डेसिबेल एवढाच घटतो; खालच्या पट्टीत जवळजवळ नाहीच. म्हणजे एका कंपकावर खरोखरच दोन्ही कान ऐकतात. या निरीक्षणामुळे हाडांतून ऐकणाऱ्यांना एकच यंत्र देण्याचा प्रघात जगभर दीर्घ काळ चालू राहिला. त्यातली चूक मोजणीत नाही. दोन कानांनी ऐकणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा ऐकणे, ही समजूत चुकीची आहे.

लॉर्ड रॅले याने १९०७ मध्ये दाखविले की, ध्वनीची दिशा माणसाला दोन कानांतील तफावतीवरून कळते. उजवीकडून आलेला ध्वनी डाव्या कानाला थोड्या उशिराने पोहोचतो. हा उशीर फार झाला तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो. खालच्या स्वरांत मेंदू त्याचाच हिशेब करतो. वरच्या स्वरांत डोक्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज कमी मिळतो. गलक्यात एका माणसाचे बोलणे निवडून ऐकण्याची जी शक्ती माणसाला आहे आणि जिचा अभ्यास कॉलिन चेरी याने १९५३ मध्ये मांडला, तिलाही या तफावतीचा मोठा आधार असतो. दोन्ही कानांना अगदी एकसारखे मिळाले तर दोन कान असूनही दिशा राहत नाही.

तिचे बालपण अशा दिशाहीन आवाजात गेले. हाक ऐकू येई, पण ती कोठून आली ते कळत नसे. मराठीत 'कानोसा घेणे' म्हणतात. त्यात मान वळवून, आवाज कोणीकडे वाढतो हे पाहणे अभिप्रेत असते. तिच्या बाबतीत मान कितीही वळविली तरी काही बदलत नसे, कारण ऐकणारी डबी छातीवर होती. 'चाहूल' हा शब्द तिला फार उशिरा समजला. चाहुलीला येणारी दिशा असते. वर्गात कोणी प्रश्न विचारला की ती आधी सगळ्यांची तोंडे पाही. ज्याचे ओठ हलताना दिसतील तो बोलणारा. तोवर प्रश्न संपलेला असे. बाईंनी प्रगतिपुस्तकात लक्ष नसते असा शेरा लिहिला. भनपुरीच्या रस्त्यावर मात्र गोष्ट शेऱ्यावर भागण्यासारखी नव्हती. ट्रकचा भोंगा तिला इतरांइतकाच ऐकू येई, पण तो शहराकडून येतो की बिलासपूरकडून, हे कळायला दोन्हीकडे पाहावे लागे, आणि एकीकडे पाहताना दुसरीकडे पाठ होई. दहा वर्षांची होईपर्यंत आईने तिला एकटीने रस्ता ओलांडू दिला नाही.

भनपुरीत ऐकू न येणारी माणसे आणखीही आहेत, पण त्यांची गोष्ट उलटी आहे. रोलिंग मिलच्या धडाक्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचा बाहेरचा कान ठीक राहतो आणि आतील सूक्ष्म केसपेशी मरतात. हा रोग कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत आला. त्याला हाडाची वाट उपयोगी पडत नाही, कारण वाट कोणतीही धरली तरी मुक्काम उजाड झालेला असतो. मुलीचा मुक्काम शाबूत होता. म्हणून तिच्या बाबतीत जे करणे शक्य होते ते न होणे अधिक बोचणारे होते.

त्या न होण्याची एक बाजू घरातल्या भाषेशी निगडित होती. रायपूरला मराठी नवी नाही. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले तेव्हापासून या प्रदेशात मराठी बोलणारी घरे आहेत. शहरातील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे आहे. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, रामदासांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले, आणि १९२६ मध्ये ते रायपुरातच वारले. 'दासबोधा'त नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणापासून होते, हे येथे मुद्दाम आठवावे. कारण रायपूरच्या मराठी मुलाला त्याची भाषा मुख्यतः कानांनीच मिळते. शाळा हिंदी, गल्ली छत्तीसगढी, फलक आणि पुस्तके हिंदी. मराठी उरते ती आजीच्या बोलण्यात. गोंगाटात कमी सवयीची भाषा अधिक सवयीच्या भाषेपेक्षा आधी निसटते, हा सर्वांचा अनुभव आहे. या घरात हिंदी दूरदर्शन चालू असे, बाहेर आरागिरणी चालू असे, आणि आजी स्वयंपाकघरातून मराठीत बोले. एका कंपकातून हे सारे एकाच जागी, एकमेकांवर लादलेले पोहोचे. मुलगी त्यातून हिंदी निवडू शके, कारण तिचे शब्द शाळेने पक्के केले होते. आजीला ती "क्या?" असे विचारी. नात मराठी विसरली, अशी आजीची समजूत झाली. वास्तविक ती मराठी तिच्यापर्यंत वेगळी अशी येतच नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून नेदरलँड्स आणि स्वीडनमधील संशोधकांनी दोन्ही बाजूंना यंत्रे बसविलेल्या लोकांच्या चाचण्या घेतल्या. एका यंत्रावर आवाजाची दिशा ओळखणे बहुतांशी अंदाजपंचे राही. दोहोंवर ते लक्षणीय सुधारले, आणि गोंगाटातील बोलणेही अधिक कळू लागले. याचे कारण समजण्यास सोपे आहे. यंत्रे डोक्यावर असली म्हणजे दोन मायक्रोफोन डोक्याच्या दोन बाजूंना, हवेत असतात. डोक्याची सावली तेथेच पडते आणि तफावत तेथेच टिपली जाते. पुढे कवटीत दोन्ही कंपने काही प्रमाणात एकमेकांत मिसळतात व तफावत पुसट होते, पण सगळी नाहीशी होत नाही. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात. त्यामुळे तेथे कंपन पलीकडे जाताना मोठ्यांच्या मानाने बरेच अधिक घटते. कवटी एकच आहे हे म्हणणे सर्वांत कमी लागू पडते ते ज्या वयात भाषा शिकायची त्या वयाला.

मुलीला दोन यंत्रे मिळाली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मऊ पट्टा आणि त्यावर दोन्ही बाजूंना दोन लहान चौकोनी डब्या. पैसे वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून उभे केले. पहिले काही दिवस तिला फक्त आवाज वाढल्यासारखा वाटला आणि डोके दुखले. मग एका संध्याकाळी पत्र्यावर पाऊस सुरू झाला आणि तो मागच्या पडवीपासून पुढच्या अंगणाकडे सरकत आला, असे तिने आईला सांगितले. तोवर पाऊस तिच्या दृष्टीने सुरू होई आणि थांबे; तो कोठून कोठे जातो, हे तिला ठाऊक नव्हते. काही उणिवा तशाच राहिल्या. उजवे-डावे कळू लागले, पुढचे-मागचे पुष्कळदा चुके. यामागेही कारण होते. आवाज समोरून की मागून, वरून की खालून, हे ओळखण्यास बाहेरच्या कानाच्या वळ्यांची मदत होते, आणि तो कान तिला नव्हता. ज्या भागाला निव्वळ शोभेचा म्हणावे त्यालाही काम होते.

कायद्याची दृष्टी या सूक्ष्म हिशेबापर्यंत पोहोचलेली नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने श्रवणदोष ठरविताना दोन कानांपैकी चांगल्या कानाकडे पाहिले: त्यात ६० डेसिबेल वा अधिक घट असली पाहिजे. २०१६ च्या कायद्याने दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबेल घट असलेल्यास ऐकण्यास कमी आणि ७० वा अधिक असलेल्यास बहिरा मानले. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठीक असला तर या व्याख्येत काहीच गेलेले नसते. बंद कर्णमार्गामुळे होणारी घट तर स्वभावतःच सुमारे ६० डेसिबेलच्या आसपास थांबते, कारण त्याहून मोठा आवाज आपण होऊनच हाडांतून आत शिरतो. म्हणजे हाडांतून ऐकणारी ही माणसे व्याख्येच्या उंबरठ्यावर उभी असतात. एखाददुसऱ्या डेसिबेलने आत किंवा बाहेर. किती ऐकू येते, हे मोजण्याची साधने आहेत. कोठून ऐकू येते, हे कोणत्याही दाखल्यावर लिहिले जात नाही.

वसुबंधूवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच 'अभिधर्मकोशा'त कान आपल्या विषयाला स्पर्श न करता, दुरूनच त्याचे ग्रहण करतो, असे मत आहे. आणि पुढच्या बौद्ध तार्किकांनी, ध्वनी अंतरावर असल्याचा अनुभव येतो, हे त्याचे प्रमाण मानले. नैयायिकांनी त्याच्या उलट, शब्द लाटेमागून लाट याप्रमाणे कानापर्यंत येतो, असे मांडले. आजच्या ज्ञानाने पाहता लाटेविषयी नैयायिक बरोबर होते. पण लाट आत पोहोचल्यावरही ती बाहेर, दूर, अमुक दिशेला आहे असे का वाटते, हा बौद्धांचा प्रश्न खरा होता, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग त्यांनीच शोभेसाठी म्हणून बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या कानात होता.

आजीने मुलीला पुन्हा मराठीत उत्तरे देताना ऐकले आणि नातीला भाषा परत आली, असे शेजारी सांगितले. मुलगी वीस वर्षांची झाली तेव्हा लग्नाच्या बोलण्याआधी कानाची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे नातेवाइकांनी सुचविले. बरगडीतील कूर्चा काढून तिला कानाचा आकार देता येतो. ऐकण्याशी त्याचा संबंध नसतो, पण केस बांधता येतात आणि बाळ्या घालता येतात. वडिलांनी तिला विचारले. पुढे कधी वाटले तर पाहू, असे ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने हसून म्हणाली, "कान दोन झालेत की, बाबा."